सुपारीचं प्यादं

भाद्रपद उतरणीला लागला की मी घरात सगळ्यांना नकोसा होतो. मुलांवर ओरडतो, आमटीला नावं ठेवतो, शाळेत उगीच खडू मोडत बसतो. बायको म्हणते, "पित्त झालंय, सुंठ घ्या." माझ्या स्वभावावर ती बारा महिने सुंठच सुचवते. बाकी दुनियेला हे दिवस किती गोड असतात! पाऊस आवरतं घेतो, भात पोटरीला येतं, सड्यावरच्या कातळात बोटभर मातीतही तेरडा फुलतो. शेजारपाजारचे लोक परड्यातली तवशी, म्हणजे मोठाल्या काकड्या, एकमेकांना नेऊन देतात. बंदरावर चार महिने झाकून ठेवलेल्या गलबतांवरच्या झावळ्या उतरतात, फळ्यांना माशाचं तेल चोळतात आणि तो वास पार बाजारापर्यंत येतो. लोक खूश होऊन म्हणतात, "आला मोसम." मी खिडक्या लावून घेतो.

यंदा त्या वासाबरोबर एक सुपारीही माझ्याकडे परत आली. जुनी, काळी पडलेली, एका बाजूनं जरा चपटी. ती समोर ठेवूनच हे लिहितो आहे.

पंधरा वर्षांपूर्वी मी रत्नागिरीला मराठी शाळेत मास्तर होऊन आलो. एकटा होतो, खाणावळीत जेवत होतो आणि बुद्धिबळाचं वेड डोक्यात होतं. बंदराकडे उतरणाऱ्या वाटेवर काशीनाथ शिंप्याचं दुकान होतं. त्याच्यामागच्या पडवीत आमचं मंडळ भरायचं. मंडळ म्हणजे काय, तर नऊ माणसं, दोन चटया आणि एक पट. पण पावसाळ्यात त्या पडवीला तेज चढायचं. आगबोट बंद, समुद्र बंद, मुंबईची पत्रं घाटावरून फिरून ओली होऊन यायची. निम्म्या गावाचे कर्ते पुरुष मुंबईत आणि उरलेल्या निम्म्यांना कामधंदा नाही, अशी अवस्था. बाहेर पन्हळीचं पाणी चिऱ्यावर आपटत असायचं, आत कुणीतरी "शह!" म्हणून ओरडायचं, आणि काशीनाथ मशीन थांबवून, तोंडात दोरा धरून डाव बघायला यायचा.

त्याचा संच तांबड्या आणि हिरव्या मोहऱ्यांचा होता. हिरव्यातलं एक प्यादं कधीतरी उंदरानं पळवलं होतं. त्याच्या जागी काशीनाथनं सुपारी ठेवली होती. मी नवा असताना हसलो, तर म्हणाला, "पूजेत माणूस हजर नसला की सुपारी बसवतात ना? मग? तशीच ही बसवली."

खेळायला मी काही मोठा तीसमारखां नव्हतो. मंडळात दुसरा, फार तर तिसरा. पण माझी एक ख्याती होती, मी कुणाची भीड धरत नसे. कोर्टातल्या एका मानकरी कारकुनाला मी सगळ्यांदेखत प्याद्यानं मात केली, तेव्हा तो महिनाभर माझ्याशी बोलला नव्हता. मला त्याचा अभिमान वाटायचा. पटावर बाप बसला तरी दयामाया नाही, असं मी छाती काढून सांगत असे. वय सव्वीस. त्या वयात माणूस स्वतःविषयी काहीही बोलतो.

आमच्यात सगळ्यात वयस्कर होता धाकू तांडेल. मूळचा पूर्णगडचा, पण जन्म गलबतावर गेला आणि म्हातारपणी बंदराजवळ घर करून राहिला. डोळे अधू झाले तसं गलबत त्यानं मुलाच्या, जयरामच्या, हाती दिलं होतं. चाल करण्याआधी तो बोट ओलं करून वर धरायचा. वारा बघायची ती जुनी सवय. पडवीत कसला वारा! उंटाच्या चालीवर त्याचा कायमचा राग. "कराचीला मी शंभर उंट पायले, मास्तर. एक पन तिरका चालत नव्हता." त्याचा खेळ पावसाळ्यागणिक सुधारत होता. मी विचारलं, घरी सराव करता काय? तर तोंडातल्या तोंडात हसला. "हाय एकजन घरात. तुमाला पन भारी पडंल." मी ते थट्टेवारी नेलं.

त्या वर्षी वैशाख संपता संपता जयराम पाच माणसं घेऊन शेवटच्या खेपेला निघाला. जावं की न जावं, असं त्याचं चाललं होतं. तांडेलानं दारात उभं राहून बोट ओलं केलं, वर धरलं आणि सांगितलं, "आठ दिस हायत अजून. जाऊन ये." चौथ्या दिवशी वारा फिरला.

मग नुसत्या बातम्या. कुणी म्हणे, गलबत जयगडच्या खाडीत शिरलेलं पाहिलं. तांडेल पावसात चालत जयगडला गेला. ते दुसऱ्याच कुणाचं निघालं. कुणी म्हणे, आंजर्ल्याच्या किनाऱ्याला माणसं लागली आहेत. तिथं लागली होती ती दोन रिकामी पिंपं. श्रावणात बाकीच्या पाच घरांनी आशा सोडली, रडून घेतलं. तांडेलाच्या घरात मात्र रडायला बंदी होती. सून चंद्रा तेव्हा एकवीस वर्षांची, लग्नाला दोन वर्षं झालेली, मूलबाळ नाही. नारळी पौर्णिमेनंतर पहिली आगबोट आली त्या दिवशी ती धक्क्यावर उभी असलेली मी पाहिली. आगबोट लांब पाण्यात उभी राहायची आणि पडाव माणसं उतरवून आणायचे. एकेक पडाव आला, एकेक रिकामा झाला. ट्रंका, गोणपाटं, गळ्यात पडणारी माणसं. शेवटचा पडाव उलटा करून पाणी काढायला लागले तरी ती उभीच. कपाळाला कुंकू रुपयाएवढं. मी छत्री दुसरीकडे वळवून निघून आलो. दुसऱ्याचं दुःख दिसलं की छत्री वळवायची, हे मला तेव्हाही चांगलं जमत होतं.

पितृपक्ष लागला आणि एका दुपारी तांडेल शाळेच्या दाराशी आला. खांद्यावर घोंगडी, पायाला लाल चिखल.

"मास्तर, देवाला दोन येळा कौल लावला. पयल्यांदा उजवा दिलान, दुसऱ्यांदा डावा. देव माजी भीड धरतो हाय." घोंगडी सावरून म्हणाला, "तुमी नाय धरायची."

"म्हणजे काय करायचं?"

"एक डाव खेळायचा. मी जिकलो तर पोर जिता हाय. मग मरंस्तवर वाट बगीन. हरलो, तर सर्वपित्रीला त्येच्या नावान पान वाढीन आनि चंद्राला मोकळी करीन. जयगडसून विचारना आलीय तिच्यासाटी. मानूस बरा हाय. आमच्यात पाट लागतो. भट म्हनतो बारा वर्सं थांबा, पन घरातल्या थोरान सोडला तर कोन अडवतंय?"

मी म्हटलं, "तांडेल, असला कौल कुणी लावतं का?"

"दर्यान हातातला सुकानू काढून घेतलान, मास्तर. आता कायतरी धराया नको?"

मी हो म्हटलं. का म्हटलं, हे बारा वर्षं स्वतःला विचारतो आहे. कीव आली, हे खरं. पण खरी गोष्ट ही की मनातून मी फुशारलो होतो. देवाहून निष्ठुर म्हणून गावातून माझी निवड झाली होती.

डाव तीन दुपारी चालला, तांडेलाच्या पडवीत. काशीनाथ पट आणि मोहरी फडक्यात बांधून घेऊन आला आणि साक्षीदार म्हणून बसला. तांडेलाकडे हिरवी, माझ्याकडे तांबडी. पडवीच्या कडेला सुक्या जाळ्यांचा ढीग होता. चार महिने कुणी न झटकलेल्या जाळ्यांना बुरशीचा आणि मिठाचा मिळून एक वास येतो. आतल्या दाराआड चंद्रा असायची. ती दिसत नसे, पण गुळाचा कोरा चहा उंबऱ्यावर ठेवताना बांगड्यांचा आवाज यायचा. एकदा तिचा हात दिसला, चुलीतल्या राखेनं पांढरा झालेला.

पहिल्या दुपारी तांडेल इतका सुरेख खेळला की मी घाबरलो. जिंकला तर? तर हा माणूस मरेपर्यंत दर आगबोटीला धक्क्यावर जाणार. दुसऱ्या दुपारी त्यानं घोडा फुकट घालवला आणि मी वेगळ्याच कारणानं घाबरलो. मुद्दाम हरता येणार नव्हतं. त्याला लगेच कळलं असतं. आणि खोटं कशाला सांगू, मला ते सुचलंही नाही. हात आपोआप चांगली चाल शोधत होते. ते माझ्या मालकीचे नसावेत तसे पटावर फिरत होते. एकेक हिरवं मोहरं माझ्या बाजूच्या चटईवर येऊन पडत होतं, आणि प्रत्येक वेळी तांडेल म्हणायचा, "हां. बरोबर हाय. असाच."

तिसऱ्या दुपारी त्याच्याकडे दोनच मोहरी उरली: कडेच्या पट्टीत कोंडलेला राजा आणि मधे एकटं, सुपारीचं प्यादं. माझे दोन्ही हत्ती शाबूत.

आमच्या देशी खेळाचा एक नियम इथं सांगायला हवा, कारण हल्लीची मंडळी विलायती नियमांनी खेळतात आणि त्यांना हे ठाऊक नसतं. समोरच्याचा राजा अगदी एकटा पडला, त्याचं शेवटचं मोहरंही मारलं गेलं, तर डाव जिंकला असं होत नाही. त्याला बुर्जी म्हणतात. डाव बरोबरीत सुटतो. म्हणून जिंकणाऱ्यानं शेवटचं एक मोहरं जपून ठेवायचं असतं, ते जिवंत असतानाच मात करायची. लुळ्यापांगळ्या राजाजवळ एक तरी माणूस हवा, तरच त्याचं मरण खरं. नवशिके या फंदात हमखास सापडतात. दिसलं मोहरं की मार, आणि हातातला डाव घालवून बस. मी सातव्या वर्षी ही चूक शेवटची केली होती.

माझा एक हत्ती राजाची वाट अडवून होता. दुसरा सुपारीच्याच ओळीत उभा होता. तो सरळ वर नेला की मात. आडवा नेला की सुपारी मरणार आणि बुर्जी होणार. एवढंच. शाळेतल्या तिसरीच्या पोरालाही दिसलं असतं.

तांडेलालाही दिसलं. त्यानं बोट ओलं केलं नाही. राजाच्या डोक्यावर हात ठेवून तो बसला, आजारी पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. पाऊस थांबलेला होता. परड्यात कोंबडी ओरडत होती. त्याचा खालचा ओठ हलत होता आणि तो थांबवायचा तो फार प्रयत्न करत होता. साठ वर्षांच्या, जन्मभर वादळं पाहिलेल्या माणसाचा ओठ! मला ते बघवेना. मी हत्ती उचलला आणि आडवा नेऊन सुपारी मारली.

"अरे! अरे गाढवा!" काशीनाथ उठलाच. "बुर्जी केलीस! सरळ मात होती की रे!"

मी म्हटलं, "चुकलो." तोंडातून तोच शब्द निघाला, आणि पुढं बारा वर्षं मी त्याच्याच आड लपलो.

तांडेलानं माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. तुम्ही भीड धरलीत, असं तो म्हणू शकला असता. पुन्हा डाव मांडा म्हणू शकला असता. तो म्हणाला नाही, कारण त्यालाही तेच हवं होतं. आम्ही दोघांनी मिळून तो डाव अर्धा ठेवला.

दाराआडून आवाज आला, "काय झाला?"

तांडेल म्हणाला, "हरलो नाय."

मग चंद्रानं विचारलं, "आनि जिकलाव?"

तांडेलानं चटईवरची सुपारी उचलली, धोतराला पुसली आणि म्हणाला, "काशीनाथ, ही मी ठेवतो." काशीनाथ घुश्शातच होता. "ठेवा. मी दुसरी बसवीन. सुपाऱ्यांना काय तोटा आहे!" मी चपला हातात घेऊनच पायऱ्या उतरलो.

त्या सर्वपित्रीला तांडेलाच्या घरी जयरामच्या नावानं पान वाढलं गेलं नाही. जयगडच्या माणसानं मार्गशीर्षापर्यंत वाट पाहिली आणि दुसरीकडे पाट लावला. मला कुणीतरी सहज सांगितलं. मी म्हटलं, "असं का," आणि वह्या तपासत राहिलो.

मंडळात माझं नाव बुर्जीमास्तर पडलं. आधी राग यायचा, मग मी हसायला शिकलो. चुकीला हसणं सोपं असतं. मुद्दाम केलेलं मात्र कुणाला दाखवता येत नाही. कधीकधी रात्री अंथरुणावर मी स्वतःला चांगला माणूस म्हणत असे. एका बापाच्या आशेवर मी पाय दिला नाही, एवढं तरी मी केलं. पण आगबोटीच्या दिवशी बंदराची वाट टाळून मी वरच्या रस्त्यानं जायचो, ते कशासाठी?

दर मोसमात तांडेल धक्क्यावर असे. पहिली दोन वर्षं उभा, मग काठी टेकून, मग बसून. शेजारी चंद्रा. काही वर्षांनी कुंकू तेवढंच राहिलं, खालचा चेहरा बारीक होत गेला. ती सुकटीचा व्यापार करू लागली, डोक्यावर पाटी घेऊन वरच्या गावांना जायची. मला वाटेत दिसली तर पदर सावरून बाजूला व्हायची, आणि मी घाईत असल्यासारखा चालायचो. आठव्या वर्षी तांडेल आजारी पडला. मी भेटायला गेलो तेव्हा त्याला नीट दिसत नव्हतं. हात चाचपून म्हणाला, "मास्तर ना? डाव अर्धा हाय, मास्तर. चंद्राकडसून वचन घेतलाय. बारा वर्सं पुरी करंल." त्याला त्याचं समाधान होतं. मी त्याचा हात धरून बसलो आणि एक शब्द बोललो नाही. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. तेव्हाही चार वर्षं वाचली असती. त्या आजारातून तांडेल उठला नाही.

परवाच्या सर्वपित्रीला बारा वर्षं पुरी झाली. पूर्णगडहून तांडेलाचा पुतण्या आला होता. भटानं दर्भाचा पुतळा केला, डोक्याला नारळ, अंगावर जयरामचा ठेवणीतला सदरा. वाळूत छोटीशी चिता रचली. दर्भ जळायला कितीसा वेळ लागणार? सदराच तेवढा धुमसत राहिला. चंद्रानं एका चिऱ्यावर बांगड्या फोडल्या. बायका रडल्या, ती रडली नाही. गलबतं पाण्यात लोटायची तयारी पलीकडेच चालली होती, तिकडून तेलाचा वास येत होता.

माणसं पांगली तशी ती माझ्याकडे आली. कपाळ रिकामं, केस कानांपाशी पांढरे. कनवटीची सुपारी काढून तिनं माझ्या हातावर ठेवली.

"ह्या तुमचा प्यादा, मास्तर. बारा वर्सं आमच्या देवाऱ्यात होता."

मी म्हटलं, "चंद्राबाई, त्या दिवशी माझ्या हातून चूक..."

"चूक नव्हती ती," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "मी दाराच्या फटीतसून बगत होते. मामांजीनी मला खेळ शिकवला होता. पावसात दुपारचा आमी दोगाच खेळायचाव. हत्ती वर गेला असता तर मात होती. मला दिसली."

हाय एकजन घरात, तुमाला पन भारी पडंल, असं तांडेल म्हणाला होता.

"तुमाला मामांजींची दया आली," ती म्हणाली. "बरी गोस्ट हाय. पन मी पन होते ना तिथं."

तिनं पदर डोक्यावर ओढला आणि वाळूतून निघाली. मी उभा राहिलो. एकवीस आणि बारा तेहतीस; मी गणिताचा मास्तर आहे. पटावर बसलेल्याला समोरच्याचा चेहरा दिसतो, दाराआडची राखेनं माखलेली बोटं दिसत नाहीत, असं मी स्वतःला समजावू पाहिलं. पण मला ती बोटं दिसली होती. वर लिहून गेलोच आहे. तिला मोकळी करण्याची गोष्ट तांडेलानं मला शाळेच्या दाराशी स्वच्छ शब्दांत सांगितली होती. निष्ठुर म्हणून मला बोलावलं होतं, आणि एका घरात दया कुणाला हवी, हे न बघता मी ती समोर जो बसला होता त्याला देऊन टाकली. दुसऱ्याच्या आयुष्यातून काढून दिली.

आज दुपारी घरात कुणी नव्हतं. मी माझा पट काढला. तो डाव मला तोंडपाठ आहे. मधल्या चालींची गरजही पडली नाही. कडेला हिरवा राजा. माझे दोन हत्ती. मधे तिची सुपारी, चपटी बाजू खाली करून. बराच वेळ बघत बसलो. मग हत्ती उचलला आणि सरळ वर नेऊन ठेवला.

मात झाली. आतून कुणी विचारलं नाही, काय झालं म्हणून.